विचारलं नाही

आज टेकडीवरून उतरताना दादा म्हणाला, "कालच घेऊन टाकला लेकीला लॅपटॉप."

एवढंच. सकाळी सातची गोष्ट. आता रात्रीचे पावणेअकरा झाले तरी मी त्याच वाक्याभोवती फिरते आहे. लिहून काढते, मग झोप लागते का बघू.

पुण्यातल्या तळजाई टेकडीवरच्या आमच्या गप्पा नेहमीच्याच. अर्धी चढण झाली की आबा विचारतात, "काय गं, आज काय नवीन?" मग आदल्या रात्री वाचलेलं मी सांगते. कुठला फोन आला, कुठलं ॲप बंद पडलं. गेल्या वर्षी ५ मेला स्काइप बंद झालं, तेव्हा आबा वरपर्यंत गप्प होते. नातू त्यांनी पहिल्यांदा स्काइपवरच पाहिला होता. अशा गप्पा. यातून कुणाला काही मिळत नाही, पण माझी सकाळ त्याशिवाय सुरू होत नाही.

आज रॅमचं, म्हणजे कॉम्प्युटर काम करताना वापरतो त्या मेमरीचं, चाललं होतं. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की क्रुशियल हा त्यांचा आपल्यासारख्या गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँड ते बंद करणार, फेब्रुवारी २०२६ पर्यंतच माल देणार. १९९६ पासूनचा ब्रँड. मी सांगत होते की जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात, आणि तिघींनाही आता एआयच्या डेटा सेंटरना लागणारी महागडी मेमरी बनवायची आहे. ती मेमरी तेवढ्याच क्षमतेला सिलिकॉन जास्त खाते. कारखाने तेच, म्हणून आपल्या लॅपटॉपच्या वाट्याला कमी उरतं आणि भाव चढतात. बँकवाले काका म्हणाले, "म्हणजे आता रॅम लक्ष्मी रोडला सराफाकडेच मिळणार, तोळ्यावर!" सगळे हसले. मीही रंगात आले होते.

तेव्हा दादानं ते सांगितलं. बरं झालं कालच घेतला, भाव वाढायच्या आत.

"कुणाला विचारलंस?" माझ्या तोंडून निघून गेलं. 'कुठला घेतलास' विचारायला हवं होतं, ते राहिलं.

"चॅटजीपीटीला. पाच मिनिटांत तीन पर्याय दिले त्यानं, फायदे-तोट्यांसकट."

आबा म्हणाले, "घ्या! गेली तुझी गादी!" त्यावरही सगळे हसले. मी हसले की नाही, आठवत नाही. खाली अमृततुल्यमध्ये मी चहा अर्धाच प्यायले.

घरी येऊन आधी त्या लॅपटॉपचा मॉडेल नंबर मागवून घेतला. भाचीनं फोटो पाठवला, सोबत तीन बदाम. मग दुपारचं जेवण बाजूला ठेवून मी त्याची सगळी माहिती काढत बसले. रॅम बोर्डावर चिकटवलेली आहे का, जागा मोकळी आहे का, बॅटरी बदलता येते का, स्क्रीन डोळ्यांना बरी आहे का. मला त्यात खोट सापडायला हवी होती. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. रॅमचा एक स्लॉट मोकळा निघाला. स्क्रीन चांगली. किंमत रास्त. मी सुचवला असता तर बहुधा हाच, नाहीतर याच्या शेजारचा. खोट सापडली असती तर निदान फोन करायला कारण मिळालं असतं. ते न मिळाल्यामुळे दुपार आणखी जड गेली.

मला का विचारलं नाही?

१९९८ साली आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला तो जुळवून घेतलेला. सेलेरॉन प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, ४.३ जीबीची हार्ड डिस्क. दादाला नुकती नोकरी लागली होती, अर्धे पैसे त्याचे. बुधवारातून रिक्षानं आणताना बाबांच्या मांडीवर मॉनिटर आणि आमच्या दोघांच्या मध्ये कॅबिनेट. पुढच्या पावसाळ्यात तो बंद पडला. सुरू केला की नुसती पीं-पीं, डिस्प्ले नाही. दुकानातला मुलगा चार दिवस येतो येतो म्हणत होता. क्लासमधल्या एकानं मला सांगितलं होतं, रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरव. बाबांना न विचारता मी स्क्रू काढले. कंपासपेटीतला सुगंधी खोडरबर होता, तोच घासला. रॅम परत बसवली, खटका वाजला, बटण दाबलं आणि ढग आले पडद्यावर, विंडोज ९८ चे. दादानं मला उचलून गरकन फिरवलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात 'तिला विचारा' सुरू झालं. बाबा पाहुण्यांना सांगायचे, आमच्या हिनं बरा केला. मला कुणी फारसं काही विचारायचं नाही त्या घरात. कुठल्या बाजूला घर घ्यायचं, कुणाच्या लग्नाला किती आहेर करायचा, ते सगळं दादाला. मला कॉम्प्युटरचं. पण ते तेवढं माझं होतं. सत्तावीस वर्षं होतं.

आणि विचारायला फोन आला की फोन तिथेच थांबायचा नाही. वहिनीचा फोन 'प्रिंटर लागत नाहीये गं' असा सुरू व्हायचा आणि पाऊण तासानं तिच्या आईच्या गुडघ्यांवर यायचा. प्रिंटर लागला की नाही, ते दोघी विसरून जायचो. गेल्या दोन महिन्यांत तो फोन नाही. मला वाटलं, प्रिंटर चालतोय.

एक शंका दुपारपासून आहे, की हे लॅपटॉपचं नाहीच, त्या सहीचं आहे. पण त्याबद्दल आज नाही लिहीत.

सही बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते, आणि ती संध्याकाळी भाजी निवडताना अचानक आठवली. ऑक्टोबरातली. १४ तारखेला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार संपणार म्हणून त्या आठवड्यात मी तीन घरं पालथी घातली होती. दादाचा जुना लॅपटॉप विंडोज ११ घेईना. प्रोसेसर सहाव्या पिढीचा, आणि ११ ला साधारण आठव्या पिढीपासूनचे चालतात, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. मग वर्षभराच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी त्याची नोंदणी करून द्यायला बसले. दादा शेजारी खुर्ची ओढून बसला होता आणि विचारत होता, नोंदणी केली नाही तर उद्या बंद पडेल का? फोटो जातील का? बँकेचं उघडेल का? बरोबर होते त्याचे प्रश्न. बंद पडत नाही, फक्त नवी भोकं बुजवणारं कुणी राहत नाही, एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी म्हणाले, "दादा, किती वेळा सांगू? एवढं साधं कळत नाही?" लेकीसमोर. ती हसली. तो उठून चहा टाकायला गेला.

मला ते त्या दिवशी लक्षातही आलं नव्हतं. आज भेंडी हातात तशीच राहिली.

त्याला चॅटजीपीटी 'किती वेळा सांगू' म्हणालं नसणार. दहा वेळा तेच विचारलं तर दहा वेळा सांगत असणार. रॅम म्हणजे काय आणि स्टोरेज म्हणजे काय, हा फरक दादानं मला आयुष्यभरात किमान वीस वेळा विचारला आहे आणि दर वेळी मी सुस्कारा सोडला आहे. सत्तावन्न वर्षांच्या माणसानं पहिल्यांदा कुणाचा सुस्कारा न ऐकता लॅपटॉप घेतला, आणि तोही चांगला घेतला. सकाळी टेकडीवर तो ते सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा किती खुलला होता, ते मला आत्ता लिहिताना दिसतंय. सकाळी नाही दिसलं.

तरी वाईट वाटतंच आहे. कारण कळलं म्हणून ते गेलं असं झालं नाही. पण दुपारी जे टोचत होतं ते हे नव्हे. दुपारी त्यानं मला टाकलं असं वाटत होतं. आता वाटतं की तो माझी वाट बघून थकला असेल.

साडेआठला आबांचा फोन आला. सकाळचं मनावर घेतलंस का गं, असं काही ते विचारणार नाहीत. म्हणाले, "तो तुझा माणूस आला होता का, रफारवाला?" म्हणजे त्यांच्या जुन्या लेखांचं काम. तीनशेच्या वर फायली आहेत, सगळ्या युनिकोडच्या, म्हणजे आता सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये. दुसऱ्या मशीनवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. एक कन्व्हर्टर मिळाला आहे, पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप व्हायचा, युनिकोडमध्ये दोन्ही बरोबर उलट. त्यामुळे जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर अडखळतो. 'पूर्वार्ध' शब्दाचं तर रोज नवीन काहीतरी होतं. मी एकेक फाईल डोळ्यांखालून घालते. माणूस कुणी नाही, मीच आहे, हे त्यांना सांगितलं. "मग सावकाश कर," म्हणाले. "मला समजावून सांग मात्र, रफार जातो कुठे ते."

मी सांगितलं. परत विचारलं, परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कागद घ्यायला लावला आणि 'र' आणि हलन्त लिहायला सांगून फोनवरच अक्षर जोडून दाखवलं. पस्तीस मिनिटं गेली. फोन ठेवताना म्हणाले, "दादाचा लॅपटॉप बघायला जाऊ या का रविवारी?"

बघू म्हणाले.

मघाशी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयचं ऑक्टोबरचं पान काढलं. वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतात. मंगळवार, ऐन नवरात्र. त्या चौकोनात 'आबा – कॉम्प्युटर' लिहिलं. दादाचा जुना लॅपटॉपही त्याच तारखेचा. भाची नवा वापरेल, जुना तो स्वतःकडेच ठेवणार, टाकवत नाही त्याला काही. आबांच्या खाली 'दादा' लिहिलं. जागा कमी होती, अक्षर बारीक आलं.