तुम्ही विचारलंत म्हणून: मी आकडा का सांगत नाही

"मॅडम, किती दिवस धरायचे?" ओपीडीच्या दारात, लिफ्टपाशी, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हे विचारलं गेलंय. मी आकडा सांगत नाही. मग कुणी म्हणतं मॅडम लपवतात, कुणी म्हणतं त्यांनाच माहीत नाही. दोन्ही मनाला लागतं, म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

मी हृदयाची डॉक्टर. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर झाल्यावर, पुढचा अंदाज बांधायची साधनं आहेत आणि मी ती वापरते. 2013 साली मॅजिक नावाची गुणपद्धती आली, 30 अभ्यासांतल्या 39,372 रुग्णांच्या माहितीवर बांधलेली. वय, पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते), रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), मधुमेह, दम किती लागतो, अशा 13 गोष्टींचे गुण मांडून बेरीज केली की एका आणि तीन वर्षांतली मृत्यूची शक्यता मिळते. मी तेव्हा नुकतीच डीएम, म्हणजे हृदयरोगाचं शेवटचं शिक्षण, संपवून बाहेर पडले होते. रुग्णाशी प्रामाणिक राहायचं तर त्याला आकडा द्यायचा, असं मला मनापासून वाटायचं.

त्याच वर्षी पंढरपूरकडचे एक शेतकरी आले. वय 46, पंपिंग 20 टक्के. रात्री तीन उशा लावून बसल्याबसल्या झोपायचे, नडगीवर बोट दाबलं की खळगा पडायचा. रक्तदाब कमी, क्रिएटिनिन वाढलेलं. बेरीज केली. वर्षभरात जाण्याची शक्यता साधारण तीनात एक. बाहेर त्यांची बायको, धाकटा भाऊ आणि बारावीतली मुलगी उभी होती. भावानं विचारलं. मी म्हणाले, "वर्षभर धरून चाला."

तीनात एक जातो म्हणजे दोघं राहतात. हे मला कळत होतं. पण रांग खोळंबली होती, भावाला एकच शब्द हवा होता आणि मी तो दिला.

ते औषधाला चिकटून राहिले. एनालाप्रिल, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन, रक्तदाब आणि पोटॅशियम बघत बघत मी डोस वाढवत नेले. पंपिंग 35 पर्यंत आलं. दर खेपेला बायको सोबत असायची. 2019 मध्ये मुलगी आली, कडेवर मूल घेऊन. तपासणी झाली, तिनं वडिलांना बाहेर बाकावर बसवलं, परत आत आली, दार लोटून घेतलं. उभ्याउभ्याच म्हणाली, "मॅडम, आण्णा वर्षभरच हायेत असं तुम्हीच म्हणला होता ना?"

मी हो म्हणाले.

"मला वाटलं काकांनी वाढवून सांगितलं. सहा वर्षं मी त्यांच्याशी बोलत न्हाई."

मग हळूहळू कळलं. बापाच्या डोळ्यांदेखत उरकू म्हणून परीक्षा संपताच मे महिन्यात तिचं लग्न लावलं होतं. खर्चासाठी दीड एकर गेली. तिला नर्सिंगला जायचं होतं. ती रागावली नव्हती. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती, आणि ती झाल्यावर ती मूल सावरत निघून गेली. मी पुढच्या पेशंटला आत बोलवायला कितीतरी वेळ घंटी वाजवली नाही.

लग्न मी लावलं नाही. त्या घरात ते कदाचित तसंही लागलं असतं. ही समजूत मी स्वतःला पुष्कळदा घातलीय आणि तिच्यात तथ्य नाही असंही नाही. पण त्या रात्री मी जुनी बेरीज पुन्हा मांडली. त्या गुणपद्धतीत बीटा ब्लॉकर चालू नसेल तर त्याचे गुण चढतात, एसीई इन्हिबिटर, म्हणजे एनालाप्रिलसारखी गोळी, चालू नसेल तर त्याचेही. आण्णा आले तेव्हा दोन्ही चालू नव्हते. म्हणजे मी त्यांच्या नशिबाचा म्हणून जो आकडा सांगितला, त्याचा एक भाग मी अजून न लिहिलेल्या चिठ्ठीचा होता. हे 2013 मध्ये माझ्यासमोर कागदावर होतं. मी वाचलं नाही.

1987 च्या कन्सेन्सस नावाच्या औषधचाचणीत हार्ट फेल्युअरच्या अगदी शेवटच्या पायरीवरचे रुग्ण होते. सहा महिन्यांत औषध नसलेल्या नकली गोळीवरचे 44 टक्के गेले, एनालाप्रिलवरचे 26 टक्के. 2022 च्या स्ट्राँग-एचएफ चाचणीत नवं औषध एकही नव्हतं. आहेत तीच औषधं डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत पूर्ण डोसला नेली आणि वारंवार तपासलं, एवढंच. 180 दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा भरती होण्याचं प्रमाण 23.3 टक्क्यांवरून 15.2 वर आलं. आपल्याकडे त्रिवेंद्रमच्या हार्ट फेल्युअर नोंदणीत 1,205 रुग्ण होते, सरासरी वय 61. पाच वर्षांत 59 टक्के गेले. पंपिंग कमी असलेल्यांपैकी जेमतेम पाव लोक घरी जाताना पूर्ण औषधांवर होते. मग "किती दिवस" याचं उत्तर मी एकट्या पेशंटच्या छातीत कसं शोधू? तालुक्याला पोटॅशियमची तपासणी होते का, तिसऱ्या महिन्यात गोळ्यांना पैसे उरतात का, बरं वाटलं की गोळी बंद होते का, हे कुठल्याच तेरा रकान्यांत नाही.

इथवर मला माझं म्हणणं पटतं. पुढे पटत नाही. कारण दोन वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकेच्या मुलानं मस्कतहून फोनवर हेच विचारलं होतं. मी म्हणाले, "सांगता येत नाही, औषधं चालू ठेवा." तिसऱ्या आठवड्यात बाई गेल्या. तो म्हणाला, "अंदाज तरी द्यायचा होता, मी आलो असतो." त्यांची बेरीज माझ्याकडे होती. आण्णांच्या मुलीला आठवून मी ती गिळली होती.

आता मी कागदावर दहा गोल काढते आणि बेरजेप्रमाणे तीन किंवा चार काळे करते. सांगते, तुमच्यासारखे दहा जण असले तर वर्षानं एवढे नसतील, आणि औषधं नीट चालली तर यातला एखादा काळा पुसता येईल. लोक नीट ऐकतात. मग कुणीतरी कागद जवळ ओढून विचारतं, "यातला आमचा कुठला?" मी म्हणते, माहीत नाही. ते एकमेकांकडे बघतात, आणि बाहेर गेल्यावर काय बोलणार आहेत ते मला तिथंच कळतं.