आमच्या तुतीला फळं का लागत नाहीत?

"तुमच्या झाडाला पानागणिक फळ, आणि आमचं नुसतं पाल्याचं जंगल. असं का हो?" हा प्रश्न मला भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, अगदी दवाखान्याच्या बाकावरसुद्धा लोकांनी विचारलाय. तुम्हीही विचारलंत, म्हणून मला जे ठाऊक आहे ते एकदा सविस्तर सांगते.

आधी तुमच्या झाडाची काडी कुठून आली ते आठवा. तुतीच्या काही झाडांना फक्त नर फुलं येतात. फिकट हिरवे तुरे लोंबतात, पिवळसर पराग उडतो आणि तुरे गळून जातात. अशा झाडाची कितीही सेवा करा, फळ दिसणार नाही. मादी फुलाची हिरवी बोंडी असते, तिच्यावर पांढरे बारीक तंतू असतात. पालवी फुटताना पानाच्या बेचक्यात नीट बघितलंत की ती ओळखू येते. दुसरं म्हणजे, पुष्कळांनी काडी रेशीमवाल्या शेतकऱ्याकडून आणलेली असते. व्ही-1 सारखी जात पाल्यासाठी निवडलेली आहे, ती पाला देणारच. काडी जशी झाडाची तसंच झाड होतं, म्हणून फळं लागलेली डोळ्यांनी बघाल त्याच झाडाची काडी घ्या.

पण बहुतेकांच्या घरी झाड योग्यच असतं. त्याला कात्री लागलेली नसते. माझ्याकडे हेच होतं.

आमचं घर सांगलीत, गावभागात. परसात तुती लावली ती लहानपणी महाबळेश्वरला खाल्लेल्या चवीपायी. हे फळ बाजारात फारसं का दिसत नाही, तर ते टिकतच नाही. सकाळी तोडलेलं संध्याकाळी पाझरायला लागतं. खायचं तर झाड दारातच हवं. झाड वाढलं, गच्चीपर्यंत गेलं, सावली छान पडायची. फळं मात्र अगदी शेंड्याला, चार-दोन, आणि ती बुलबुलांची. कापायला माझं मन होत नव्हतं. हिरव्यागार फांदीवर कात्री चालवली की पांढरा चीक टपकतो, तो बघवायचा नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. आम्ही परतलो तेव्हा परसात घोटाभर गाळ होता. पपई आडवी झालेली, कढीपत्ता काळा पडलेला. तुती उभी होती, पण एक पान नाही आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत मातीचा लेप. मी ती गेली असंच धरलं होतं. माझं माहेर तासगावकडचं, द्राक्षबागेतलं. गाळ उपसायला धाकटा भाऊ आला होता. त्यानं नखानं साल खरवडली. आत ओलं, पोपटी हिरवं. "आक्का, जित्ती हाय की! आण करवत." आणि त्यानं झाड गुडघ्यापर्यंत खाली आणलं. मी आत निघून गेले.

पंधरा दिवसांत त्या खुंटातून एवढे कोंब फुटले की मोजता येईनात. फळ एकही नाही, नुसत्या सरळसोट हिरव्या काड्या. मी फोनवर तक्रार केली तर तो म्हणाला, ही खरड छाटणी झाली, गोडी अजून व्हायचीय.

तासगाव भागात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलात खरड छाटणी, तिच्यातून नवी काडी तयार होते आणि त्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे फुटवा निघतो त्या जागी, सूक्ष्म घडनिर्मिती होते, पुढच्या घडाचा अंकुर आतच धरतो. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी, तेव्हा तोच डोळा घड घेऊन फुटतो. द्राक्षाच्या घरात वाढलेली मी, पण तुतीला हा हिशेब लावावा हे मला कधी सुचलं नव्हतं.

संक्रांतीला तो आला तोवर काड्या तपकिरी झाल्या होत्या. त्यानं प्रत्येकीचा शेंडा हातभर मारला आणि उरलेली सगळी पानं ओरबाडून काढली. पुन्हा बोडकं झाड. आठ-दहा दिवसांत डोळे फुगले, आणि प्रत्येक डोळ्यातून पान उलगडताना त्याच्या बगलेत ती तंतूवाली बोंडी! मार्च संपता संपता फळं पिकली. तेव्हा कोरोनामुळे सगळं बंद होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी वाट्या भरून भिंतीवर ठेवायची आणि पलीकडची पोरं त्या रिकाम्या करून परत ठेवायची.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. जूनमध्ये एकदा खोल छाटणी, कमरेइतकी. त्यानंतर काडी तपकिरी झाली की शेंडा मारायचा, पानं काढायची, दोन पाट्या शेणखत आणि भरपूर पाणी. दीड-दोन महिन्यांत फळ. थंडीत थोडा उशीर लागतो. तो बहर संपला की पुन्हा हलका शेंडा मारते, आणखी एक बहर मिळतो. युरिया टाकू नका, त्यानं पालाच माजतो. ऊन निदान अर्धा दिवस हवं. शेंडे आखडून पानं चुरगळलेली, गडद दिसली तर आत पिठ्या ढेकूण, म्हणजे पिठासारखी पांढरी कीड, बसलाय असं समजा. शेंडा असा आखडण्याला रेशीमवाले टुक्रा म्हणतात. तेवढा शेंडा तोडून जाळायचा, फळांच्या झाडावर मी औषध मारत नाही. आणि रेशमाचे किडे आपोआप येतील ही भीती सोडा. तो पाळीव जीव आहे, त्याच्या पतंगाला उडताही येत नाही.

तोडायची घाई मात्र कुणी करू नये. लाल फळ आंबटढाण असतं. ते पूर्ण काळं होऊ द्या. तळहात खाली धरून बोटानं नुसतं हलवलं की जे हातात पडतं ते पिकलेलं, ओढावं लागलं तर ते उद्याचं. बोटं जांभळी होतात, ती कच्चं हिरवं फळ चोळून धुवा. कपडे वाळवायची दोरी आणि गाडी झाडाखाली नको.

काडी हवी असेल तर जूनच्या पहिल्या पावसानंतर सांगा, तेव्हा माझ्याकडे भारे पडलेले असतात. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर, चार डोळ्यांची काडी घ्यायची, खालचा काप तिरका, आणि दोन डोळे मातीत. पालवी लवकर दिसते, पण ती काडीतल्या साठ्यावर फुटलेली असते, मुळं मागून येतात. म्हणून दोन महिने पिशवी हलवायची नाही, उपटून बघायचं तर मुळीच नाही. नेताना ओलं गोणपाट तेवढं घेऊन या.