घरं नंतर, आधी चर शोधा

इंग्लंडमधल्या एखाद्या उठून गेलेल्या मध्ययुगीन गावावर भूभौतिकी सर्वेक्षण (न खणता, उपकरणांनी जमिनीखालचं शोधणं) करायचं ठरलं की पहिली अपेक्षा असते घरांचे आराखडे मिळण्याची. बहुतेक वेळा ते मिळत नाहीत. शेतकऱ्याचं घर लाकडी सांगाड्याचं असे आणि तो सांगाडा जमिनीवर ठेवलेल्या दगडांवर उभा असे. खोल पाया नसतोच, मग उपकरणाला दिसणार काय? गाव हाती लागतं ते चरांमधून, म्हणजे घरवाडे आणि परडी यांच्या हद्दींवरून.

कारण साधं आहे. वस्तीतल्या वरच्या मातीचं चुंबकत्व चुलीच्या आगीने आणि कुजणाऱ्या कचऱ्यामुळे वाढतं. हीच माती, राख, खापरं चरात साचतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिथे सुमारे ४९,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक) आणि भरलेल्या चराचा फरक जेमतेम २ ते ५. चूल किंवा भट्टी मात्र दहापट ठळक उठते, कारण खूप तापलेली माती थंड होताना त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवते.

जागा संरक्षित स्मारकांच्या यादीत असेल तर ब्रिटनच्या १९७९ च्या प्राचीन स्मारक कायद्याच्या कलम ४२ खाली परवाना लागतो. तो हातात आल्यावर आधी शेत नुसतं चालून बघा. खोलगट वाट, घरांचे उंचवटे, भोवतीचे सरी-वरंबे तिरप्या उन्हात डोळ्यांनाच दिसतात.

मग ३० बाय ३० मीटरचे चौकोन आखायचे. इथे घाई नको. सरी-वरंबे किंवा मुख्य वाट यांना समांतर रेघांत चाललात, तर पुढे संगणकावर प्रत्येक रेघेवरच्या नोंदींची सरासरी शून्यावर आणताना त्याच दिशेचा चर पुसला जातो. तो परत मिळत नाही. म्हणून चौकोन तिरपे घाला. अंतर दोन रेघांत १ मीटर ठेवण्याची पद्धत आहे. मध्ययुगीन वस्तीला ते विरळ पडतं. अर्धा मीटर ठेवा आणि रेघेवर दर पाव मीटरला एक नोंद घ्या. वेळ दुप्पट लागतो, पण अरुंद चर सुटत नाहीत.

ग्रेडिओमीटर (चुंबकीय क्षेत्रातले हे बारीक फरक मोजणारं उपकरण) सुरू करून पंधरा-वीस मिनिटं स्थिरावू द्या आणि मगच शांत जागी शून्यावर आणा. पट्ट्याचा बक्कल, बुटाच्या लोखंडी रिंगा, खिशातला फोन, सगळं दूर. जाता-येता उलटसुलट चालताना पावलांची लय चुकली की सरळ चर करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. तारेच्या कुंपणालगतची काही मीटरची पट्टी तर बहुतेक वायाच जाते.

दगडी पाया असलेलं चर्च किंवा जमीनदाराचा वाडा यांच्यासाठी विद्युतरोध मोजा, म्हणजे जमिनीत खुपसलेल्या सळयांतून वीज सोडून माती तिला किती अडवते ते बघा. फिरत्या दोन सळयांत अर्धा मीटर अंतर ठेवलं की साधारण अर्धा-पाऊण मीटर खोलीपर्यंतचं कळतं. स्थिर सळया चौकोनापासून किमान १५ मीटर लांब हव्यात. जवळ आणल्या की नोंदी हलतात आणि शेजारच्या चौकोनांच्या कडा जुळत नाहीत. भिंत जास्त रोध दाखवते, ओला चर कमी. पण लांबलेल्या कोरड्या दिवसांत किंवा मोठ्या पावसानंतर हा फरक नाहीसा होतो, कधी उलटाही होतो. जमिनीत रेडिओ लहरी सोडणारं रडार गाडल्या गेलेल्या इमारतींवर छान चालतं. ओल्या चिकणमातीत त्याची लहर लवकर विरते.

नकाशावरचा कोरा भाग म्हणजे रिकामी जागा असं कधीही लिहू नका. लाकडी घराचा चौथरा असाच कोरा दिसतो.

दुसरी अडचण काळाची. उपकरण तारीख सांगत नाही. यॉर्कशरमधल्या व्हॅरम पर्सीत मध्ययुगीन गावाखाली लोहयुगातल्या आणि रोमन काळातल्या वस्तीचे अवशेष आहेत. अशा ठिकाणी सगळ्या युगांचे चर एकाच करड्या चित्रात एकमेकांवर पडतात. कोणता आधीचा हे ठरवायला दोन चर जिथे एकमेकांना छेदतात नेमका तोच बिंदू निवडून लहान खड्डा घ्यावा, आणि प्रत्येक भरावातली खापरं वेगळ्या पिशवीत ठेवावीत.