वसई रोडला इंजिन फिरतं तेव्हा

पश्चिम रेल्वेच्या मार्गावरून कोकणात उतरायचं तर वसई रोड, कामण, भिवंडी, दिवा, पनवेल असा मार्ग आहे. सुरतेहून येणाऱ्या गाडीचं वसई रोडला काही अडत नाही. दिव्याकडे नेणारा जुचंद्रचा फाटा वसई रोडच्या दक्षिणेला फुटतो, त्यामुळे त्रिवेंद्रम राजधानी तोंड न फिरवता निघून जाते. बांद्र्याहून आलेल्या गाडीचं उलटं. ती दक्षिणेकडूनच येते आणि तिला परत दक्षिणेलाच जायचं असतं. म्हणून पुढचं इंजिन सोडून मागच्या टोकाला लावावं लागतं.

2022 पासून आम्हाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण फलाटावर अजून 'गार्डसाहेब'च चालतं. गणपतीच्या आधीची सकाळ होती, गाडी बांद्र्याची, नव्या बनावटीच्या वीस एलएचबी डब्यांची. इंजिन फिरणार म्हणजे गार्डही फिरणार. एका टोकाचा ब्रेकव्हॅन (गाडीच्या शेवटी गार्ड बसतो ती जागा) सोडून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ 480 मीटर, तेही लोकलच्या गर्दीतून, हातात सामान घेऊन. शेवटच्या डब्याची एलव्ही (लास्ट व्हेइकल) पाटीही या टोकाची काढून त्या टोकाला लावायची.

बाहेरच्याला वाटतं, कपलिंग काढलं की झालं. तसं नाही. आधी लोको पायलट हॉटेल लोड, म्हणजे डब्यांना जाणारी वीज, बंद करतो. डब्यांचा एसी आणि दिवे इंजिनाच्या 750 व्होल्टवर चालतात, ती जाड केबल चालू असताना हात लावायचा नाही. एसी थांबला की प्रवासी दारात येऊन विचारू लागतात. मग हवेच्या पाइपांचे अँगल कॉक (हवा अडवणाऱ्या तोट्या) बंद करायचे, हिरवा ब्रेक पाइप आणि पांढरा फीड पाइप सोडवायचा, शेवटी कपलर उघडायचा. हे सगळं पॉइंट्समन इंजिन आणि डब्याच्या मध्ये उभा राहून करतो. नेमके तेव्हाच लोक मोबाइल घेऊन फलाटाच्या कडेवर वाकतात. ओरडून सांगितलं तरी हलत नाहीत. खाली एक माणूस आहे हे त्यांना दिसत कसं नाही, याचा मला दर वेळी राग येतो.

सुटलेल्या इंजिनाला दुसऱ्या टोकाला जायला शेजारची लाइन रिकामी लागते. सकाळी आठच्या सुमाराला ती मिळवणं हेच खरं काम. त्या दिवशी सात मिनिटांत मिळाली, इंजिन लागलं, पाइप जोडले. आता कंटिन्युइटी टेस्ट, म्हणजे ब्रेकची हवा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पोचते का ते पाहणं. इंजिनात ब्रेक पाइपचा दाब 5 किलो येतो, फीडचा 6. माझ्या व्हॅनमधल्या गेजवर निदान 4.8 आणि 5.8 दिसायला हवेत. मग मी माझा व्हॉल्व्ह उघडून दाब पाडायचा आणि लोको पायलटने तो त्याच्या गेजवर पडताना पाहायचा. मधला एखादा अँगल कॉक बंद राहिला असेल तर त्यामागच्या डब्यांना ब्रेकच लागणार नाहीत, ते इथेच कळतं. ही टेस्ट उरकायची गोष्ट नाही.

माझा काटा 4.5 वर अडकला.

पॉइंट्समन मामांनी कान लावत गाडी पालथी घातली. गळती नव्या जोडावरच निघाली. होजच्या तोंडातला रबरी वायसर कडेला चिरला होता. सुटा असताना दिसला नाही, पुन्हा जोडताना दबला आणि हवा सोडू लागला. नवा वायसर यायला नऊ मिनिटं लागली, बसवायला एक. असे चार वायसर मामांच्या पिशवीतच असायला हवेत, हे मी तेव्हाही बोललो, आजही म्हणतो.

तोवर आमची वेळ गेली होती. पुढे एक कंटेनरगाडी सोडली गेली आणि दिव्यापर्यंत आम्ही तिच्या मागून. सुटायला 18 मिनिटं उशीर, पनवेलला 31. माझी ड्यूटी तिथे संपली. पुढचं मोबाइलवर पाहत होतो. रोहा ते वीर दुहेरी मार्ग आहे, तिथे थोडं सावरलं. वीरच्या पुढे एकेरी. वेळ चुकलेली गाडी समोरून येणारीसाठी थांबत जाते. चिपळूणला 50 मिनिटं.

या मार्गाने जाणारी गाडी वाटेत एका रेल्वेच्या हद्दीतून दुसरीच्या आणि मग तिसरीच्या हद्दीत जाते. प्रत्येक ठिकाणी ती पाहुणी असते, घरची गाडी आधी. म्हणून तिच्यासाठी दुसऱ्या टोकाला इंजिन आणि क्रू तयार ठेवावा, असं मी म्हणतो. आलेलं इंजिन तिथेच सोडायचं, ते पुढच्या गाडीला लावायचं. शेजारची लाइन मागत बसायची गरज उरत नाही. मात्र पाइप जोडणं, टेस्ट घेणं चुकत नाही.

नायगाव–जुचंद्र जोडमार्ग मंजूर आहे, जेमतेम सहा किलोमीटरचा. तो झाला की बांद्र्याची गाडी नायगावहूनच वळेल, इंजिन फिरवावं लागणार नाही. पण मग ती वसई रोडला येणारही नाही. त्या सकाळी वसई रोडला पिशव्या, बोचकी, गणपतीचं मखर घेऊन चढणारी विरार-नालासोपाऱ्याची माणसं मी पाहिली आहेत. त्यांना मखर घेऊन गर्दीच्या लोकलने उलटं बोरिवलीला जावं लागेल. नायगावला थांबा द्यायचा तर वीस डबे मावतील एवढा फलाट लागेल, आणि तो आराखड्यातच मागायला हवा.