तिथी बघून चालायची वाट

नाशिक, रविवार, रात्री

काल चतुर्थी होती. आईला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीचं दर्शन घ्यायचं होतं, तेही चालत जाऊन. परवा दुपारी पोचलो तेव्हा किल्ला भर पाण्यात होता. काल सकाळी तिथेच ओली वाळू आणि तिच्यावरून निघालेल्या घोडागाड्या!

वाळूवर लाटांच्या बारीक वळ्या, खेकड्यांनी बिळाभोवती टाकलेल्या मोहरीएवढ्या गोळ्या, खडकांना कालवं चिकटलेली. आईने साडी खोचली आणि माझ्या पुढे चालू लागली.

एका घोडागाडीवाल्या काकांनी हिशोब सांगितला. "तिथीची पाऊणपट करायची, ताई. आज चतुर्थी, म्हणजे तीनला भरती, नऊच्या सुमाराला सुकती, म्हणजे ओहोटी. अकराच्या आत परत फिरा." किती सोपं! चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज तेवढीच पुढे जाते. पाऊणपट म्हणजे त्याचंच ढोबळ गणित.

गोदाकाठी वाढल्यामुळे पाण्याखाली जाणारी वाट मला नवी नाही. पूर आला की नाशिकचा रामसेतू पूल बुडतो, आणि पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं यावरून आम्ही पूर मोजतो. पण तो पूर पावसावर आणि गंगापूर धरणाच्या विसर्गावर अवलंबून. इथली वाट दिवसातून दोनदा मोडते, दोनदा उघडते, आणि त्यात माणसाचं काहीच चालत नाही. मला ते फार आवडलं. गंमत म्हणजे आमची गोदावरी या समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावते आणि पार पूर्वेच्या समुद्राला जाऊन मिळते.

किल्ला शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधायला घेतला, संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. मी फटीत हात घातला तर कोपरापर्यंत गेला. भरती-ओहोटी कोळून प्यायलेल्या माणसांचं हे काम आहे!

नाशिकहून जाणाऱ्यांनी खोली ठरवण्याआधी तिथी बघावीच. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या आसपास येते, आणि ते भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं पाणी असल्यामुळे फारसं खालीही जात नाही. चालत जायचं तर पुनवेनंतरचे किंवा अवसेनंतरचे तीन-चार दिवस धरावेत.