सोडून का देत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"एवढासा तो जीव, पिंजऱ्यात कशाला कोंडलाय? म्हादईच्या रानात नेऊन सोडून द्या की!" माझ्याकडचे शुगर ग्लायडर नावाचे छोटे प्राणी बघून गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्या मुलापासून बँकेतल्या मॅडमपर्यंत सगळ्यांनी मला हे ऐकवलंय. विचारतात प्रश्नाच्या सुरात, पण तो प्रश्न नसतो. मी किती निर्दय आहे ते जरा मऊ शब्दांत सांगितलेलं असतं. आजवर हसून "बघू" म्हणत आले. आता एकदाच काय ते लिहून टाकते, पुढच्याला वाचायला देता येईल.

तर, लोकांना वाटतं तशी ती आपल्या रानातली उडती खार नव्हे. आमच्या गोव्यात सत्तरीत किंवा मोले-नेत्रावळीकडे रात्री दिसते ती मोठी उडती खार चांगली मांजराएवढी असते आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे ती पाळणं हा गुन्हा आहे. माझ्याकडे आहेत ते शुगर ग्लायडर. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम, मुठीत मावतात. खारीशी त्यांचं नातं दिसण्यापुरतंच. गोतावळा कांगारूचा: मादीच्या पोटाला पिशवी, तांदळाच्या दाण्याएवढं पिल्लू जन्मतं आणि पुढचे दोनेक महिने त्या पिशवीतच वाढतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी हे त्यांचं घर. "लायसन काढलंय का?" असंही विचारतात. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर परदेशी प्राण्यांची नोंदणी सुरू झाली, पण ती सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतल्या प्राण्यांची. हे त्या यादीत नाहीत. म्हणून तर इतक्या सहज विकले जातात. हे मी मिरवायला सांगत नाहीये.

आता सोडून देण्याचं. ऑस्ट्रेलियातल्याच लोकांनी १८३५ च्या सुमाराला मुख्य भूमीवरचे ग्लायडर टास्मानिया बेटावर नेले. पाळायलाच नेले असावेत. तिथे स्विफ्ट पॅरट नावाचा पोपट आहे, तो अंडी घालतो फक्त टास्मानियात, झाडाच्या ढोलीत. हे शंभर ग्रॅमचं गोजिरवाणं प्रकरण रात्री त्या ढोलीत शिरतं आणि अंड्यांवर बसलेल्या मादीला मारून खातं. अंडी खातं ते वेगळंच. तो पोपट आज नामशेष व्हायच्या काठावर आहे. आपल्या रानातले धनेश, तांबट, पोपट घरटं करतात कुठे? ढोलीतच ना?

एवढं सांगितलं की लोक गप्प होतात. पण हे पुस्तकी उत्तर झालं, आणि मी सोडत नाही त्याचं खरं कारण हे नव्हे. खरं कारण असं, की आमच्याकडची एक सोडून झाली आहे.

आमची जोडी होती. नर चिकू, मादी बिंबली. चवथीला मूळ घरी जायचं हे आमच्याकडे ठरलेलं: फोंड्याच्या घराला कुलूप, सत्तरीतल्या घरात सगळ्या भावांचे संसार, पाच दिवसांचा गणपती. या दोघांना मागे कोणाकडे ठेवणार? शेजारणीला रात्री दहाला उठून अळ्या भरवायला सांगू? त्यांचं खाणं म्हणजे अंडं, मध आणि फळं घोटून बर्फाच्या साच्यात गोठवलेल्या वड्या, वर कॅल्शियमची पूड चिमटीने मोजून. ती पूड कमी पडत गेली की मागचे पाय लुळे पडतात. हे शेजारधर्मात बसत नाही. म्हणून पिंजरा गाडीत घातला आणि मूळ घरी आतल्या खोलीत पेटाऱ्यावर ठेवला. वर चादर टाकली, पोरांना दम भरला.

पोरांनी ऐकलं. आत्यांनी नाही.

आत्या म्हणजे माझ्या आतेसासूबाई. दुपारपासून दोन-तीनदा खोलीत डोकावून गेल्या होत्या. "अगो, देवाच्या सणाला जिता जीव कोंडून ठेवलायस? पोटच्या पोराला असं ठेवशील?" मी सांगितलं, "आत्या, हे दिवसा झोपतात. रात्री मी त्यांना खोलीत मोकळे सोडते." "सोडते म्हणे," असं पुटपुटत त्या गेल्या. मला वाटलं, विषय संपला.

रात्रीची आरती रंगात आली होती. घुमट आणि शामेळ ही वाद्यं अशी काही लागली होती की बाजूचा काय बोलतो ते कळत नव्हतं. सगळ्यांची तोंडं गणपतीकडे. माझा हात कोणीतरी ओढला. धाकट्या जावेची मुलगी होती. तिने नुसतं बोट वर केलं. गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधतात, तिच्यात सुपारीच्या शिपट्यावर बिंबली बसली होती. कपाळापासून शेपटीपर्यंत गेलेला तो काळा पट्टा खालूनही दिसत होता. तिने मागचे पाय सुपाऱ्यांत रोवले, मान लांब केली आणि शेजारच्या चिबडाला नाक लावलं. मग आंबाड्याला. मग तोरिंगाला. एकेक फळ हुंगत, कशाला तोंड न लावता. मग अंग झोकून ती केळ्यांच्या घडावर गेली, तेव्हा करंगळीपासून पायाच्या बोटापर्यंतची कातडी ताणून क्षणभर तिचा चौकोनी रुमाल झाला. एवढ्या वर्षांत मी तिला पडद्यावरून कपाटावर जाताना पाहिलं होतं. एवढ्या फळापानांत पहिल्यांदाच पाहत होते. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला भीती वाटली नाही, बरंच वाटलं. आत्यांचं म्हणणं मला पटलं असेल तर तेवढ्यापुरतं.

"घालीन लोटांगण" झालं आणि अंगणात पोरांनी फटाक्यांची माळ लावली. बिंबली माटोळीवरून वाशावर, वाशावरून कौलांखाली, आणि कौलं नि भिंत यांच्यामधल्या फटीतून बाहेर. तेवढा वेळही लागला नाही.

मी खोलीत धावले. पिंजऱ्याचं दार सताड उघडं. आत्या प्रसादाचं ताट घेऊन मागून आल्या, चेहरा इतका प्रसन्न की काय सांगू. "गेली ना? बरं झालं. त्या दुसऱ्याला हात लावून ढकललं, तर चावायला आला. पिशवीत जाऊन बसला मेला."

घरात गणपती. वर वयाने मोठ्या. मी काय बोलणार? काहीच बोलले नाही. लोकांना वाटतं मी फटकळ आहे. त्या रात्री असते तर बरं झालं असतं.

नवऱ्याने शिडी लावली, पुतण्याने बॅटरी घेतली. दोघं फणसाखाली, आंब्याखाली, गोठ्याच्या छपरावर डोळे चमकतात का पाहत फिरले. पाऊस सुरू झाला, भाद्रपदातला, थांबायचं नाव नाही. एवढ्याशा अंगाला गारठा लागला की ते सुस्त पडून लाकडासारखे होतात, हे मला माहीत होतं, म्हणून मला कोणी "येईल हो" म्हटलं की राग येत होता. हरवलेला ग्लायडर परत आणायचा एक उपाय म्हणजे जोडीदाराचा आवाज आणि ओळखीचा वास. म्हणून चिकूचा पिंजरा पडवीत आणला आणि दोघं ज्या कापडी पिशवीत झोपायची ती फणसाच्या खालच्या फांदीला टांगली. चिकू भुंकू लागला. हो, भुंकतात, कुत्र्याचं पिल्लू लांबून भुंकतं तसं, एकेक, मध्ये थांबून, ऐकून, पुन्हा. विसर्जनापर्यंत रोज रात्री तो भुंकत होता आणि रोज सकाळी आत्या म्हणत होत्या, "झोपू देत नाही गो तो." एकदा फणसावरून उत्तर आलं असं मला वाटलं. नवरा म्हणतो, रातकिडा होता. नंतरही आम्ही पिशवी घेऊन तिकडे जात राहिलो, पाऊस सरेपर्यंत.

फोंड्याला आल्यावर चिकूने भुंकणं थांबवलं. आम्हाला वाटलं, रुळला. मग एका सकाळी त्याच्या पिशवीत रक्त दिसलं. शेपटीचं टोक त्याने स्वतःच कुरतडलं होतं, आतली पांढरी गाठ दिसेपर्यंत. एकटे पडले की ग्लायडर असं करतात, हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं आणि स्वतःची शेपटी दोन्ही हातांत मक्याच्या कणसासारखी धरून ती चावत असलेला प्राणी मांडीवर असणं वेगळं. पणजीच्या डॉक्टरांनी टोक काढून टाकलं, वेदना कमी करायचं औषध थेंबाथेंबाने द्यायला सांगितलं आणि त्याच्या गळ्यात घालायला जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून पाच रुपयांच्या नाण्याहून जेमतेम मोठी कॉलर कापून दिली. ती घालून त्याला खाता येईना, म्हणून मी सिरिंजने भरवत असे. डॉक्टर भले होते. शेवटी एवढंच म्हणाले, "जखम मी भरून काढीन. एकटेपणावर माझ्याकडे औषध नाही."

म्हणून दुसरी आणली. विकणारा बसने पार्सल पाठवायला तयार होता, डब्याला भोकं पाडून. मी नको म्हटलं आणि स्वतः पुण्याला जाऊन आणली. याने मी त्याच्याहून चांगली ठरते असं नाही, पैसे त्यालाच दिले. ज्या धंद्याला मी चारचौघांत शिव्या देते त्याला मी दोनदा गिऱ्हाईक झाले. दुसऱ्यांदा तर डोळे उघडे ठेवून. मधल्या काळात चिकूची नसबंदी करून घेतली, आमच्या घरातून तरी पिल्लं बाजारात जाणार नाहीत. हे मी कोणाला सांगायला लागले की मलाच ते वकिली वाटतं. पण एकटा ठेवून त्याला स्वतःला खाऊ द्यायचं, की धंद्याला अजून एक पैसा द्यायचा? तिसरा मार्ग कोणाला सुचला तर जरूर कळवा. फक्त "रानात सोडा" हा नको.

पुतण्या आता कॉलेजात बॉटनी शिकतो. त्याने परवा मला पेचात पकडलं. "काकी, तू एका तोंडाने म्हणतेस रानात ती मरेल, दुसऱ्या तोंडाने म्हणतेस ती तिथल्या पक्ष्यांना संपवेल. दोन्ही एकदम कसं?" मी म्हटलं, एकटी मरेल, जोडी सोडली तर सांगता येत नाही. तो म्हणाला, "आपल्या डोंगरांवर वनखात्याने लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ बघ. ती तिच्याच मुलखातली. बाभळीचा डिंक हे त्यांचं खाणं. नीलगिरी तर आहेच. म्हणजे बिंबलीसाठी आपण जेवण वाढूनच ठेवलंय." वर, काजूसुद्धा पोर्तुगीजांनी आणलेला, तो कुठे कोणाला परका वाटतो, हेही ऐकवलं.

मला उत्तर आलं नाही. त्या बाभळींच्या खालून गाडी जाते तेव्हा मी वर बघते. ती जगली असावी असं वाटतं, आणि जगली असली तर ते धनेशांना बरं नाही, हेही कळतं. पूर्वीची मी असते तर यातलं एक निवडून ठासून बोलले असते. घुबडाने पहिल्याच रात्री उचलली असेल, असं नवरा म्हणतो. तो हे मला बरं वाटावं म्हणून म्हणतो की काय, कोण जाणे.

आत्यांना शेपटीचं माहीत नाही. त्यांच्या लेखी बिंबली रानात सुखाने आहे, आणि नातवंडांना त्या ती गोष्ट रंगवून सांगतात. मी मध्ये तोंड घालत नाही. गेल्या चवथीला पिंजरा पुन्हा त्याच खोलीत होता. नवीला पाहून आत्या म्हणाल्या, "दुसरी आणलीस? हिला कधी सोडणार?" मी पिंजऱ्याला पितळी कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. त्या विसर्जनापर्यंत माझ्याशी धड बोलल्या नाहीत.