बायोप्सीच्या ब्लॉकसाठी गेलेले सतरा दिवस

घरात कुणाच्या हाडाच्या गाठीची बायोप्सी झाली असेल, म्हणजे तपासायला तुकडा काढला असेल, तर रिपोर्टसोबतच ब्लॉक (मेणात बसवलेला तो तुकडा) आणि स्लाइड (त्याचे काचेवरचे काप) मागून घ्या. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. आमचे यात सतरा दिवस गेले, आणि आठवलं की अजून डोकं तापतं.

मी लातूरच्या मार्केट यार्डात आडतीवर मुनीम आहे. गाव औसा तालुक्यात. धाकटी बहीण दहावीला होती. परीक्षेच्या आधीपासून तिचा उजवा गुडघा दुखायचा, रात्री जास्त. आईनं तेल लावून चोळलं. "वाढीचं दुखणं असतंय" असं शेजारीपाजारी म्हणाले, आम्हालाही तेच बरं वाटलं. गुडघ्याच्या वर सूज दिसायला लागली तेव्हा एक्स-रे काढला. मग आमच्याच भागातल्या एका शहरातल्या खाजगी दवाखान्यात बायोप्सी झाली. रिपोर्टला बारा दिवस लागले. हाड कडक असल्यानं आधी ते आम्लात ठेवून मऊ करतात, मगच त्याचे पातळ काप निघतात, म्हणून हाडाच्या रिपोर्टला वेळ लागतो. त्या बारा दिवसांबद्दल माझी काही तक्रार नाही. रिपोर्टमध्ये ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, लिहिलं होतं. नानांनी, म्हणजे वडिलांनी, तो शब्द मला तीनदा वाचायला लावला.

मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात नाव नोंदणी, फाईल, छातीचा सीटी स्कॅन हे सगळं धावपळीचं होतं, पण कुठं अडलं नाही. छातीचा सीटी लागतो कारण हा आजार पसरला तर बहुतेक वेळा आधी फुप्फुसात जातो. तिथं हाडांच्या गाठींचीच ऑपरेशनं करणारे सर्जन असतात. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतला नाही, आधी बायोप्सीची जागा बघितली. मांडीवर तीन बोटं लांबीचा आडवा व्रण होता. त्यावर त्यांनी अंगठा ठेवला आणि पेननं वरून खाली उभी रेघ ओढून दाखवली. म्हणाले, "माझं ऑपरेशन या रेघेवर होणार. बायोप्सीची वाट गाठीसोबत काढून टाकावी लागते, तिथं गाठीच्या पेशी राहिलेल्या असू शकतात. छेद उभा असता तर तो माझ्या रेघेत आला असता. आता आडवी कातडी पण जास्तीची काढावी लागंल."

मला तोपर्यंत वाटायचं, बायोप्सी म्हणजे रक्त तपासल्यासारखी, कुणीही केली तरी एकच. तसं नाही. जो सर्जन ऑपरेशन करणार त्यानं किंवा त्याच्या सांगण्यावरून बायोप्सी झाली पाहिजे, आणि त्याच्याही आधी एमआरआय झाला पाहिजे. एमआरआय पूर्ण मांडीच्या हाडाचा, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत, कारण त्याच हाडात वर दुसरी छोटी गाठ असू शकते. आमचा नुसता गुडघ्याचा काढलेला होता. तो परत काढला.

मग डॉक्टर म्हणाले, "ब्लॉक आणा. आमच्या पॅथॉलॉजीत बघितल्याशिवाय केमो सुरू करता येणार नाही." आणि चिठ्ठी लिहून दिली.

त्याच रात्रीच्या गाडीनं मी निघालो. दिवस मे महिन्याचे. बायोप्सी झाली त्या दवाखान्याच्या काउंटरवर म्हणाले, नमुना बाहेरच्या लॅबला पाठवला होता, तिथं जा. लॅब रिक्षानं वीस मिनिटांवर. तिथं म्हणाले, आम्ही पेशंटच्या हातात देत नाही, दवाखान्याच्या लेटरहेडवर पत्र आणा. परत दवाखाना. पत्रावर सही करणारे साहेब लग्नाला गेलेले. "दादा, सोमवारी या की." सोमवारी गेलो तर साहेब ऑपरेशनमध्ये. संध्याकाळी साडेसातला सही झाली, तोवर लॅब बंद. दुसऱ्या दिवशी लॅबनं पत्र ठेवून घेतलं आणि पेशंटचा अर्ज, आधारची झेरॉक्स, मूळ रिपोर्ट मागितला. मूळ रिपोर्ट मुंबईत, फाईलमध्ये, नानांजवळ. ही यादी पहिल्याच दिवशी सांगायला त्या माणसाचं काय जात होतं? मी त्याला हे विचारलं. आवाज चढवूनच विचारलं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तिकडं पोरगी धर्मशाळेत रात्रभर पाय धरून बसलेली होती.

म्हणून सांगतो, जाताना हे सगळं एकदमच न्या: सर्जनची चिठ्ठी, पेशंटच्या सहीचा अर्ज (अठराच्या आत असेल तर आईवडिलांच्या सहीचा), पेशंटचं आणि आणायला जाणाऱ्याचं आधार, मूळ रिपोर्ट आणि त्याच्या चार झेरॉक्स. ब्लॉक मिळाल्याची पोच त्यांना लिहून द्या, तिची एक प्रत स्वतःकडं ठेवा.

नाना रिपोर्ट घेऊन आले. चौथ्या खेपेला लॅबच्या माणसानं ड्रॉवर ओढला आणि एक पाकीट समोर ठेवलं. आत स्लाइडच्या दोन काचा, त्यावर गुलाबी-जांभळा डाग. आणि एक ब्लॉक, म्हणजे प्लास्टिकची चपटी जाळीदार डबी, तिच्यावर मेण, मेणात हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढुरका तुकडा. डबीच्या कडेला पेन्सिलीनं नंबर. ज्याच्यासाठी सतरा दिवस घातले ते एवढंसं होतं.

आमच्या धंद्यात हिशोबपट्टीचा नंबर जुळल्याशिवाय पैशाला हात लावत नाहीत. ती सवय कामी आली. काचांवर ११८७, रिपोर्टवर ११८७, ब्लॉकवर ११७८. मी दाखवलं. तो म्हणाला, "पेन्सिल पुसट झालीय, तेच आहे." मी हललो नाही. उजेडात नेऊन परत वाचायला लावलं. त्यानं ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला आणि मागच्या रांगेतून आमचा शोधला. नाहीतर दुसऱ्या कुणाचा तरी तुकडा मी मुंबईला घेऊन गेलो असतो, आणि त्या माणसाला त्याचा कधीच सापडला नसता. तो ११७८ जागेवर ठेवेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो. तुम्हीपण तिथंच, काउंटरवरच नंबर जुळवा.

मेण उन्हानं मऊ पडतं, म्हणून ब्लॉक गाडीत काचेजवळ ठेवू नका. मी स्टीलच्या डब्यात कापूस घालून नेला आणि रात्रभर उशाशी ठेवला. परळला दिल्यावर पावती मिळाली तेव्हा मला फुटपाथवर बसावं लागलं, पाय चालेनात.

निदान तेच निघालं. केमो, मग ऑपरेशन, परत केमो. मांडीच्या हाडाचा खालचा भाग काढून धातूचा सांधा बसवला, पाय वाचला. ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर सातच्या आधी वॉर्डात आले, टेपनं दोन्ही पाय मोजून गेले आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर बाहेर येऊन आईला म्हणाले, "मावशी, आडव्या व्रणासकट सगळं निघालं." आई त्यांच्या पाया पडायला वाकली तर त्यांनी तिचे हात धरले.

राहिलंच, कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेची सवलत. टाटातून फॉर्म भरून मिळतो. स्लीपर आणि थर्ड एसीला पेशंटचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के. आम्हाला हे दुसऱ्या केमोला कळलं. आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते गावातच बघून घ्या.

मागच्या आठवड्यात निलंग्याहून एकांचा फोन आला. मुलगा तेरा वर्षांचा, गुडघ्यावर सूज, एक्स-रेत डॉक्टरांना गाठीची शंका, आणि दुसऱ्याच दिवशी बायोप्सी ठरलेली. मी म्हणालो, उद्याचं थांबवा, आधी पूर्ण हाडाचा एमआरआय करा आणि हाडाच्या गाठीच्या सर्जनला दाखवा. एमआरआय झाला. मुंबईची तिकिटं मीच काढून दिली.